मशीननं वाचवलेला वेळ पेशंटच्या पदरात पडतो का?

सांगली-मिरजेत चार माणसं जमली आणि दवाखान्याचा विषय निघाला की सध्या हमखास दोन पार्ट्या पडतात. एका बाजूचं म्हणणं की आता सगळं ऑनलाइन व्हायला पाहिजे, क्यूआर कोड लावून केसपेपर निघाला पाहिजे, रोबोटनं ऑपरेशन, एआयनं एक्सरे, पुण्या-मुंबईत जे आहे ते मिरजेत का नको. दुसऱ्या बाजूला जरा वयानं मोठी माणसं असतात, ती म्हणतात पूर्वीचा डॉक्टर पोटाला हात लावून आजार सांगायचा, घरातल्या सगळ्यांना नावानं ओळखायचा, आताचा डॉक्टर मान वर करत नाही, स्क्रीनकडं बघत गोळ्या लिहितो, मशिनी आल्या आणि माणुसकी गेली. हा वाद व्हॉट्सॲपवर दोन-दोन दिवस चालतो आणि त्यात मला एक गोष्ट फार खटकते. दोन्ही बाजू बोलतात ते मशीनबद्दल, एक तिच्या प्रेमात आणि दुसरी तिच्यावर नाराज. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो पेशंट सकाळी किती वाजता घरातून निघाला, किती खिडक्या फिरला आणि काय समजून घरी गेला, हे कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हॉस्पिटलमध्ये तंत्रज्ञान आलं पाहिजे आणि भरपूर आलं पाहिजे, पण ते चांगलं की वाईट हे ठरवताना बघायचं एवढंच की पेशंटच्या आणि त्याच्या घरच्यांच्या अंगावरचं ओझं त्यानं किती उतरलं. हेलपाटे कमी झाले का, पैसे कमी गेले का, ताटकळणं कमी झालं का, आपल्याला काय झालंय हे जास्त कळलं का. कुठल्याही मशीननं कुणाचा तरी वेळ वाचतोच, प्रश्न हा की तो वाचलेला वेळ गेला कुणाकडं. डॉक्टरांची दहा मिनिटं वाचली आणि त्या दहा मिनिटांत आणखी पाच पेशंट उरकले, तर आधीच्या पेशंटला काय मिळालं? आणि तीच दहा मिनिटं डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बोलले असते तर? मशीन दोन्हीकडं तेच, निर्णय मात्र माणसांनी घेतलेला वेगळा.

मिरजेच्या आसपास ज्यांचं घर आहे त्यांच्याकडं दवाखान्यासाठी पाव्हणे उतरतात, आमच्याकडंही जत-आटपाडीकडचे येतात, त्यामुळं हे सगळं जवळनं बघायला मिळतं. डायलिसिसचंच घ्या. बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळेला चार तासांच्या आसपास मशीनवर. जतहून मिरज ऐंशीएक किलोमीटर. म्हणजे पहाटे उठायचं, एसटी धरायची, बरोबर एक माणूस पाहिजेच आणि त्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण नसतं त्यात परतीची गाडी. हॉस्पिटलच्या रजिस्टरला तो पेशंट चार तासांचा आहे, त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र तो अख्खा दिवस गेलेला असतो, आणि असे आठवड्यातले तीन दिवस गेल्यावर माणसाकडं शेतीला, कामाला, पोरांना काय उरणार? मशीन उत्तम आहे, तिच्याशिवाय तो माणूस जिवंत नसता हेही खरं आहे. केंद्रानं २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांमधून डायलिसिसची राष्ट्रीय योजना सुरू केली ती मला खरोखर मोठी गोष्ट वाटते, कारण त्याआधी कितीतरी घरं एका किडनीच्या आजारानं जमीन विकून बसलेली. पण मग पुढचा प्रश्न कुणी विचारायचा, की हीच मशीन तालुक्याच्या गावात का नको? पोटातून करायचं डायलिसिस असतं, ते शिकून घेतलं तर घरी करता येतं, सगळ्यांना चालत नाही, जंतुसंसर्गाची भीती असते, घरात स्वच्छ जागा लागते, हे सगळं कबूल, पण तशी एक वाट आहे हे तरी किती पेशंटना सांगितलं जातं? पेशंटला केंद्रस्थानी ठेवणं म्हणजे मला एवढंच अपेक्षित आहे, की त्याचा दिवस कसा जातो हे उपचार ठरवताना हिशोबात धरा.

आता मशीनवर नाराज असलेल्या मंडळींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नाही, त्यांच्या बाजूनं मीच पुरावे देतो. अमेरिकेत २०१६ ला एक अभ्यास छापून आला, त्यात डॉक्टरांच्या मागं घड्याळ घेऊन बसलेल्या लोकांना असं दिसलं की पेशंटसोबत एक तास गेला की जवळजवळ दोन तास कॉम्प्युटरवरच्या नोंदी आणि टेबलवरच्या कामात जातात. म्हणजे ज्या देशानं सगळ्यात जास्त पैसा ओतून दवाखाने कॉम्प्युटरवर आणले तिथंच डॉक्टर स्क्रीनला बांधला गेला. दुसरं, नवीन म्हणजे चांगलं असं नसतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला दुर्बिणीतून किंवा रोबोटनं, छोट्या छिद्रांमधून ऑपरेशन करायची पद्धत जगभर चांगली म्हणून पसरली, आणि २०१८ मध्ये मोठी चाचणी आली तेव्हा दिसलं की पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर तीन वर्षांनी ९७ टक्के बायकांना कॅन्सर परत आलेला नव्हता, छोट्या छिद्रांच्या पद्धतीत हेच प्रमाण ९१ टक्के. जखम लहान, घरी लवकर, आणि तरी निकाल वाईट. तिसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं. कोविडमध्ये बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण घराघरांत घेतलं, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला अभ्यास आला की काळ्या कातडीच्या पेशंटमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरंच घसरलेला असताना मशीन ठीक दाखवतंय हा प्रकार गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतोय. आपल्या उन्हात राबणाऱ्या माणसांच्या दृष्टीनं ही काही लांबची गोष्ट नाही. मशीन बनवताना कुणाच्या बोटावर तपासलं हा प्रश्न विचारावाच लागतो. आणि चौथी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, महागडं मशीन घेतलं की त्याचा हप्ता निघायला पाहिजे, मग ज्याला गरज नाही त्याचाही स्कॅन होतो.

हे सगळं मान्य करूनही मी त्यांच्या बाजूला जात नाही, आणि त्याचं कारण असं की जुन्या डॉक्टरची जी आठवण ते सांगतात ती ज्यांच्यापर्यंत तो डॉक्टर पोचला त्यांची आठवण आहे. ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही ते आठवण सांगायला आहेत कुठं? बाळंतपणात गेलेल्या बायका, वाटेत बैलगाडीत गेलेले, तापानं गेलेली पोरं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी सेरामपूरच्या भाषणात हेच सांगत होत्या, की इथं बायकांना बाई डॉक्टर पाहिजे, कारण पुरुष डॉक्टरपुढं त्या आपलं दुखणं सांगतच नाहीत. औषध होतं, डॉक्टर होते, पण निम्म्या पेशंटसाठी ती वाट बंद होती. आणि प्रेमळ डॉक्टर विरुद्ध उपकरण हे भांडण तर दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानं कागदाची गुंडाळी करून तिच्या छातीवर ठेवली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. त्या वेळच्या काही डॉक्टरांना हे डॉक्टर आणि पेशंटच्या मधे आलेलं लाकडाचं नळकांडं वाटलं, आणि आज डॉक्टरच्या गळ्यात तेच नसेल तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. ते उपकरण पेशंटची अडचण बघून निघालं, तिचा संकोच राखला गेला आणि ऐकायलाही जास्त आलं.

कागदाच्या फायलीवर प्रेम करणाऱ्यांना मला २०१९ चा ऑगस्ट आठवून द्यायचाय. सांगलीत कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागापासून किती घरांच्या तळमजल्यावरचं सगळं गेलं, आणि त्यात लोकांच्या वर्षानुवर्षांच्या दवाखान्याच्या फायली लगदा होऊन गेल्या. शुगरची माणसं, बीपीची, अँजिओप्लास्टी झालेली, कुठली गोळी किती पॉवरची चालू होती हे ज्यांना तोंडपाठ नाही अशी म्हातारी माणसं कॅम्पमध्ये येऊन "ती पांढरी लहान गोळी" एवढंच सांगू शकत होती. अशा वेळी रेकॉर्ड कुठंतरी सुरक्षित असणं ही चैन म्हणायची का? पेशंटची सगळी माहिती त्याच्या परवानगीनं एका नंबराखाली राहावी म्हणून आभा कार्ड आलं, चौदा आकडी नंबर, २०२१ पासून देशभर. कल्पना मला शंभर टक्के पटते. पण आता जरा प्रत्यक्षात काय होतं ते बघा, आधारवरून नंबर काढायला गेलं की ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाईलवर, आणि खेड्यातल्या म्हातारीच्या आधारला मोबाईल असतो मुलाचा, मुलगा पुण्याला चाकणमध्ये कंपनीत, शिफ्टला फोन बाहेर जमा. म्हातारी खिडकीपुढं उभी, मागं रांग. चूक आभाची का? अजिबात नाही. त्या खिडकीच्या शेजारी एक माणूस बसवून, ज्यांच्याकडं फोन नाही त्यांना साधा केसपेपर लगेच काढून देतो, नंबर नंतर बघू, एवढं ठरवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. २०२२ पासून क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन घ्यायची सोय आली ती तरण्या पोरांना फार चांगली आहे, रांगेतली तेवढी माणसं कमी झाली की उरलेल्या रांगेत म्हाताऱ्यांना लवकर नंबर लागायला पाहिजे. पण खिडक्या पाचावरून दोनवर आणल्या तर तो फायदा म्हाताऱ्यांना मिळणार कसा? मी वाचलेला वेळ कुणाला मिळाला म्हणतो ते हेच.

मशीनच्या प्रेमातल्या मंडळींचा मुद्दाही तितकाच दमदार आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. डॉक्टर कमी, पेशंट अमाप. २०१७ मध्ये सदुसष्ट देशांच्या आकड्यांवरून एक पाहणी आली होती, स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडं जेमतेम दोन मिनिटं. दोन मिनिटांत माणूस बसेपर्यंत वेळ संपतो. अशा ठिकाणी माया, आपुलकी, संवाद यावर भाषणं देऊन काय उपयोग, आधी काम हलकं करा, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. रात्री दोन वाजता आटपाडीत एखाद्याचा अर्धा चेहरा वाकडा झाला, हात उचलेना, तर साडेचार तासांच्या आत मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं का यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं, तिथं कुणी नाडीवर हात ठेवून काही होणार नाही. २०१४ पासून १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, ते सुद्धा तंत्रज्ञानच आहे आणि त्यानं किती जीव वाचले असतील. टीबीसाठी छातीचा एक्सरे कॉम्प्युटरनं वाचावा, याला २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्या लोकांसाठी मान्यता दिली, जिथं रेडिओलॉजिस्ट महिन्यातून एकदा येतो तिथं हे किती मोठं काम आहे!

पण इथंच त्यांचा विचार थांबतो आणि मला तिथून पुढं जायचंय. एक्सरेवर टीबीचा संशय आला हे कॉम्प्युटरनं काही सेकंदात सांगितलं. पुढं काय? बेडका तपासायचा, सहा महिने गोळ्या, त्या गोळ्यांनी मळमळतं, लघवी लाल होते, गडी घाबरून गोळ्या सोडतो. ऊसतोडीला गेला तर गाव बदलतं, जिल्हा बदलतो. टीबीच्या पेशंटला जेवणासाठी सरकार २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये द्यायचं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार केले, फार चांगलं केलं, कारण उपाशी पोटी त्या गोळ्या घेणाऱ्याचं काय होतं हे पेशंटच्या बाजूनं बघितल्याशिवाय असली योजना सुचत नाही. एआयनं वाचवलेला डॉक्टरचा वेळ, आशाताईचा वेळ, त्या सहा महिन्यांसाठी लागला पाहिजे. नाहीतर आजार लवकर सापडला आणि माणूस वाटेत सुटला. आणि सगळं कॉम्प्युटरवर टाकताना कॉम्प्युटर बंद पडला तर काय याचीही तयारी पाहिजे, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि दोन आठवडे देशातलं एवढं मोठं हॉस्पिटल हातानं कागद लिहीत होतं.

मिरज मेडिकल हब झालं कसं, हे या वादात कुणी आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल उघडलं, त्या काळात मिरज म्हणजे नुकतं रेल्वेचं जंक्शन झालेलं संस्थानी गाव. रेल्वे हे त्या काळातलं सगळ्यात नवं तंत्रज्ञान, आणि तिच्या जोरावर बेळगाव-विजापूरपासून कोल्हापूरपर्यंतचा पेशंट मिरजेत उतरायला लागला. पण रेल्वे तर कितीतरी गावांना आली, हॉस्पिटलांचं गाव मिरजच का झालं? कारण इथं ऑपरेशन तर होतच होतं, शिवाय इथल्याच पोरांना शिकवायचं म्हणून वानलेसनी मेडिकल स्कूल काढलं, हाताखाली माणसं तयार केली, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या पेशंटला त्याच्या भाषेत उत्तर देणारं माणूस तिथं मिळालं. पुढं १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं तेव्हा पेशंटला मिरजेची वाट आधीच माहीत होती. गाडी पेशंटला आणायची आणि माणसं त्याला सांभाळायची, हे दोन्ही जमलं म्हणून मिरज झालं. आज मिरजेच्या हॉस्पिटलात अथणी-जमखंडीहून येणाऱ्या कानडी म्हातारीला इंग्रजीत मेसेज जातो की तुमचा रिपोर्ट तयार आहे. एवढी प्रगत यंत्रणा, आणि भाषा निवडायचं एक बटण टाकायचं कुणाला सुचलं नाही.

आणि माणसाला विसरून विज्ञान राबवलं तर काय होतं हे पश्चिम महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. १८९७ चा पुण्याचा प्लेग. आजारी माणूस वेगळा ठेवायचा, घर स्वच्छ करायचं, हा विचार त्या काळच्या ज्ञानाप्रमाणं चुकीचा नव्हता. पण रँडसाहेबाच्या कमिटीनं तो कसा राबवला, सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, बायकांच्या अंगाला हात लावून तपासण्या झाल्याच्या तक्रारी झाल्या, पेशंटला ओढून नेलं. लोक काय करायला लागले? घरातलं आजारी माणूस लपवायला लागले. म्हणजे प्लेग पसरू नये म्हणून केलेल्या बंदोबस्तानं आजार घराघरांत दडवला गेला. आणि त्याच प्लेगात, त्याच पुण्याजवळ, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आजारी माणसं आणत होत्या, एका आजारी पोराला पाठीवर घालून नेलं आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांनीही पेशंट घरातून बाहेर वेगळ्या जागीच नेला ना? वैद्यकशास्त्र दोन्हीकडं एकच होतं. एका दवाखान्याला लोक घाबरले आणि दुसऱ्याकडं विश्वासानं गेले, तो फरक औषधानं पडला नव्हता.

आता एक आक्षेप डॉक्टर मंडळींचा, तो मला सगळ्यात अवघड वाटतो. ते म्हणतात, पेशंटच्या मनासारखं करा म्हणता, पण पेशंटचं मन काय सांगतं बघा, ताप आला की सलाईन लावा, इंजेक्शन द्या, सुई टोचली नाही तर डॉक्टर बोगस. सर्दीला अँटिबायोटिक मागतात. उद्या हॉस्पिटलला गिऱ्हाइकांचे स्टार मिळायला लागले तर सलाईन लावणारा डॉक्टर पाच स्टार आणि "घरी जा, पाणी प्या, आराम करा" सांगणारा एक स्टार. हे अगदी खरं आहे आणि आपल्या खेड्यापाड्यात रोज घडतं. पण पेशंट सलाईन का मागतो याचा विचार केलाय का कुणी? त्याला उद्या ऊस भरायला जायचंय, घरी बसायला परवडत नाही, एका दिवसात उभं राहायचंय. आणि दोन मिनिटांत त्याला दुसरं कुणी काही समजावून सांगितलेलं नसतं, मग जे डोळ्याला दिसतं, थेंब थेंब अंगात जाताना, त्यावरच त्याचा विश्वास बसतो. त्याच्या मागणीमागची ही अडचण ऐकणं आणि मग जे योग्य तेच करणं, पण कारण सांगून करणं, याला मी पेशंटकेंद्री म्हणतो. सलाईन लावून मोकळं होणाऱ्या डॉक्टरनं तर त्या पेशंटचं काहीच ऐकलेलं नसतं, त्यानं फक्त बिल केलं. पेशंटला ग्राहक म्हणणं मला म्हणूनच पटत नाही, ग्राहकाला जे मागेल ते देऊन भागतं, आजारी माणसाशी बोलावं लागतं.

हे सगळं स्वप्नातलं आहे, एवढं करायला वेळ आणि पैसा कुठला, असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडं बघावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या आदिवासींना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही, आणि जे ऐकलं त्यावरून दवाखानाच वेगळा बांधला, झोपड्यांसारखा, नातेवाइकांना पेशंटजवळ राहता येईल असा, त्यांच्या देवीच्या, दंतेश्वरीच्या नावाचा. लोक यायला लागले. आणि तिथंच गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी, न्युमोनिया ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं शिकवलं, १९९९ मध्ये त्याचे आकडे छापून आले, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. कसलीही कोटींची मशीन नाही, पण तंत्रज्ञान होतंच, फक्त ते बाळाच्या घरापर्यंत चालत गेलं. दुसरं उदाहरण तर एका कागदाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनच्या आधी मोठ्यानं वाचायची एक यादी काढली, पेशंटला भूल द्यायच्या आधी त्याचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू हे त्याच्याकडूनच विचारून घ्यायचं, शेवटी कापसाचे बोळे-सुया मोजायच्या. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून बघितली तर ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. कागदाला खर्च शून्य.

डॉक्टरांना मारहाण होते, काचा फुटतात, त्यावर २०१० मध्ये राज्यानं कायदा केला आणि तो पाहिजेच, डॉक्टरवर हात उचलणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही. पण आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर दोन-तीन दिवस बसलेल्या नातेवाइकाला आत काय चाललंय हे दिवसातून एकदा ठरलेल्या वेळेला, बसवून, त्याच्या भाषेत सांगितलं तर कितीतरी भांडणं होणारच नाहीत असं मला मनापासून वाटतं. कोविडमध्ये मिरजेच्या सिव्हिलचं कोविड हॉस्पिटल झालं, राज्यात सगळीकडंच वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती, तेव्हा किती ठिकाणी सिस्टर-ब्रदर लोकांनी पीपीई किटमध्ये घामानं भिजत स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिले, आईला एकदा बघू द्या म्हणणाऱ्या पोरांना बघू दिलं. फोन तोच जो आपल्या सगळ्यांच्या खिशात असतो. त्याचा असा उपयोग कुठल्या कंपनीनं सुचवला नव्हता, त्या सिस्टरला पेशंटचं घर दिसत होतं म्हणून सुचला. मग कोविड संपल्यावर ते बंद का झालं? आयसीयूतून रोज संध्याकाळी गावाकडच्या घरी पाच मिनिटांचा कॉल ही कायमची पद्धत का होऊ नये, त्याला ना टेंडर लागतं ना उद्घाटन.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, खासगी नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये बदल होऊन रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावणं बंधनकारक झालं. हे दोन्ही निर्णय मला कुठल्याही रोबोटपेक्षा मोठे वाटतात, पण सनद लावायची ती रिसेप्शनच्या मागं कुंडीआड नको, आणि उपचार मोफत असले तरी शिराळ्याच्या डोंगरातून किंवा पाटणच्या खोऱ्यातून येणाऱ्याचा प्रवास, जेवण, बुडालेला रोज हा खर्च राहतोच. रिपोर्ट दाखवायला परत या, टाके बघायला परत या, गोळी बदलायला परत या, यातल्या किती खेपा गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून व्हिडिओवर भागतील? डॉक्टरनं फोनवरून सल्ला देण्याचे नियम केंद्रानं २५ मार्च २०२० लाच काढलेत, ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सेवा चालू आहे, आरोग्य केंद्रात शिकलेली माणसं आहेत, म्हणजे सामान सगळं जागेवर आहे. फक्त मोठ्या हॉस्पिटलनं डिस्चार्ज देताना "तुम्ही राहता कुठं" हे विचारून पुढची तारीख ठरवायची, आणि डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांचं वेळापत्रक मराठीत किंवा कानडीत, सकाळ-दुपार-रात्र असं छापून द्यायचं. कॉम्प्युटरला हे एका मिनिटाचं काम आहे.

सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समित्या आहेत, तिथं आमदार असतात, अधिकारी असतात. त्या समितीत डायलिसिसचा एक पेशंट, टीबीतून बरी झालेली एक बाई, रोज वॉर्डात असणारी एक सिस्टर बसवा. ट्रस्टच्या आणि खासगी हॉस्पिटलांनीही खरेदीच्या मीटिंगला असं कुणीतरी बोलवावं. आणि पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात नवीन मशीन आल्याची बातमी येईल, किंमत छापून येईल, फीत कापतानाचा फोटो येईल, तेव्हा आपण सगळ्यांनी त्याखाली एवढं विचारायचं की यानं पेशंटच्या किती खेपा आणि किती तास वाचणार आहेत, आणि वर्षानं तोच आकडा परत मागायचा.